गाव न सोडणाऱ्या कलावंताचे गाणे

मंद्रषड्ज (शहापूर, बेळगाव)

आपला भाग गाण्याचा आहे हे आपण सगळेच अभिमानाने सांगतो आणि तो अभिमान खोटा नाही. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे आजच्या बेळगाव जिल्ह्यातले. कुमार गंधर्व सुळेभावीचे. मात्र ही नावे घेताना एक गोष्ट आपण नकळत गृहीत धरतो. अण्णासाहेबांनी १८८० साली शाकुंतल हे संगीत नाटक रंगमंचावर आणले ते पुण्यात. कुमारजी लहान वयातच मुंबईला संगीतगुरू देवधर मास्तरांकडे गेले आणि पुढे प्रकृतीच्या कारणाने देवासला स्थायिक झाले. त्यामुळे नाव काढायचे असेल तर गाव सोडावे लागते, हा समज आपल्या घराघरांत इतका पक्का बसला आहे, की मुलाच्या गळ्यात सूर आहे असे कळताच आईवडील पहिला प्रश्न विचारतात तो त्याला बाहेर कधी पाठवायचे हाच.

मी बेळगावात गाणे शिकवते. शिकले इथेच, लग्नही इथेच झाले आणि गाव सोडण्याचा विचार मनात आला तो घरच्या जबाबदाऱ्यांमुळे पुढे जाऊ शकला नाही. त्याची खंत काही काळ होती, आज ती नाही. म्हणून हा धागा काढते आहे. जो कलावंत गावातच राहतो, वर्षाकाठी मोजक्या मैफली करतो, शिकवण्या घेतो, साथ करतो, देवळातल्या उत्सवात गातो, त्याच्या आयुष्याकडे आपण बहुतेक वेळा अर्धवट राहिलेले आयुष्य म्हणून पाहतो. हे पाहणे चूक आहे असे मला मनापासून वाटते.

माझ्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी येतात ते पंडित रामभाऊ विजापुरे. कागवाडला १९१७ साली जन्मलेला हा माणूस बेळगावात राहिला, बेळगावात शिकवत राहिला आणि २०१० साली बेळगावातच गेला. पेटी हे त्यांचे वाद्य. १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली आणि ती सत्तरच्या दशकापर्यंत चालली. शास्त्रीय संगीतात पेटी दुय्यम, तीत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) नाही, श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म अंतर) नाहीत असे जाणकार उघड बोलत होते, त्या काळात त्यांनी पेटीवर निष्ठा ठेवली. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व या सर्वांना त्यांनी साथ केली. गायकाच्या पिढ्या बदलत गेल्या आणि साथीला तेच बसत राहिले. त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांनी ती विद्या पुढे नेली. या आयुष्याला अर्धवट कोण म्हणेल?

मैफल नसताना रोज पहाटे बसून खर्ज का भरायचा, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज का करायचा, हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांनी मला अनेकदा विचारला आहे. माझ्या दिवसातला सर्वांत मोलाचा वेळ तंबोरा जुळवण्यात जातो, यात त्याचे थोडे उत्तर आहे. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या (मध्य षड्जाच्या), शेवटची खर्जाची (खालच्या षड्जाची). खुंटी पिळून तार साधारण सुरात आली की मणी खालीवर सरकवून ती नेमकी करायची आणि मग घोडीवर तारेखाली घातलेला दोरा केसभर पुढेमागे करत जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, उघडायची. दोरा जागेवर आला की तारेचा आवाज एकदम भरतो आणि खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला, गंधार स्पष्ट ऐकू येऊ लागतो. नव्या मुलांना तो सुरुवातीला ऐकूच येत नाही. काही महिने गेले की एखाद्या सकाळी एखादी मुलगी मान वर करून माझ्याकडे पाहते आणि मला कळते की आज हिला गंधार ऐकू आला. ती मुलगी पुढे गायिका होईल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण तिचा कान आयुष्यभरासाठी उघडला. असे उघडलेले कान ज्या गावात पुष्कळ असतात तिथेच मोठा गवई मनापासून गातो. ते कान तयार करण्याचे काम गावात राहणाऱ्यालाच करावे लागते.

आपणांपैकी जे गातात, वाजवतात किंवा नुसते ऐकतात, त्यांनी आपले अनुभव लिहावेत ही विनंती.

ठेका (निपाणी)

ताई, साथीदारांची आठवण ठेवल्याबद्दल आभार. मी तबला वाजवतो, पोटापाण्यासाठी दुकान आहे. साथीदाराचे आयुष्य कसे असते हे गाणाऱ्यालाही पुरते ठाऊक नसते, म्हणून थोडे लिहितो.

आपल्याकडचा पावसाळा हा तबलजीचा परीक्षेचा काळ असतो. दमट हवेत पुडी (तबल्याचे कातडे) सैल पडते, स्वर उतरतो, गजऱ्यावर (पुडीच्या काठच्या विणीवर) कितीही ठोकले तरी अर्ध्या तासात पुन्हा तीच गत होते. श्रावणातल्या कार्यक्रमांना मी काळी एकचा आणि काळी दोनचा (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून ठरणाऱ्या स्वरांचे) असे दोन तबले नेतो आणि विलंबित, म्हणजे संथ लयीतले गाणे, चालू असताना गायकाने श्वास घेतला की तेवढ्या जागेत हातोडी हळूच लावून घेतो. श्रोत्यांना ते कळू नये यातच आमचे कौशल्य आहे. एकदा नंदगडच्या बाजूला एका देवळात अगदी थोडे लोक असताना बुवांनी अडीच तास मारुबिहाग राग गायला. विलंबित एकतालाचा (बारा मात्रांच्या तालाचा) ठेका इतका संथ होता की प्रत्येक मात्रा उचलून ठेवल्यासारखी वाटत होती. बिदागी म्हणून नारळ आणि प्रवासखर्च मिळाला. त्या रात्री मला लय म्हणजे काय हे जितके उमगले तितके कोणत्याही मोठ्या रंगमंचावर उमगले नाही.

तरीही पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. गावात राहणाऱ्या साथीदाराला कार्यक्रमाचे ठरलेले मानधन मिळणे आजही कठीण आहे. 'तुम्ही आपलेच आहात' असे म्हणून अनेक आयोजक हात आखडता घेतात. बाहेरून आलेल्या तबलजीचे पाकीट आधी तयार असते. गावातल्या कलावंताबद्दल प्रेम असेल तर ते व्यवहारातही दिसले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

मी निवृत्त शिक्षक आहे आणि आयुष्यभर केवळ श्रोता राहिलो आहे. धागाकर्त्या बाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून मतभेद नोंदवतो.

कुमार गंधर्व सुळेभावीतच राहिले असते तर काय झाले असते, याचा विचार प्रामाणिकपणे करावा. देवधर मास्तरांच्या शाळेत निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत-जात होते आणि एकाच गायकीत अडकून न पडण्याचे बळ कुमारजींना त्या वातावरणाने दिले. पुढे क्षयाने गाणे बंद झाले असताना देवासला अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली आणि त्या धुनांतून नवे राग उभे केले. हे सारे परगावच्या वास्तव्यातून घडले. प्रतिभेला परक्या हवेची गरज असते.

दुसरे असे, की लहान गावात कौतुक फार लवकर मिळते. चांगला गळा असलेल्या मुलाला गणेशोत्सवात दोन नाट्यपदांना वन्समोअर मिळाला की त्याला आपण तयार झालो असे वाटू लागते. आपल्यापेक्षा दसपट चांगले गाणारा समवयस्क शेजारच्या खोलीत रियाज करत असतो, तेव्हा जी खडबडून जाग येते ती इथे येत नाही. मी असे अनेक गळे ऐकले आहेत, जे विसाव्या वर्षी जिथे होते तिथेच चाळिसाव्या वर्षीही होते. त्यांच्यात गुण कमी नव्हते. त्यांना टोचणारे कोणी नव्हते.

गाव सोडणे हा संगीतातला द्रोह नव्हे, एवढे या धाग्यात स्पष्ट व्हावे.

कन्नड श्रोता (गोकाक)

माझी मातृभाषा कन्नड आहे, मराठी शेजारपाजारातून आणि नाटकांतून शिकलो. लिहिण्यात काही कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

मलप्रभाकाठ सरांना एक उदाहरण द्यावेसे वाटते. भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात गदगहून पळाले आणि ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत उत्तरेत भटकले. जालंधरला विनायकबुवा पटवर्धनांनी त्यांना सांगितले, की तुझ्या घराजवळ सवाई गंधर्व असताना तू इकडे काय करतो आहेस. ते परत आले आणि कुंदगोळला राहून शिकले. गुरू घराजवळ होता याचे कारण, सवाई गंधर्व मराठी रंगभूमीवर नाव कमावून पुन्हा आपल्या भागात परतले होते. म्हणजे कोणीतरी जातो, कोणीतरी परत येतो आणि कोणीतरी थांबतो, या तिन्ही गोष्टी घडल्या तेव्हाच हा पट्टा समृद्ध झाला.

गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन शिकल्या आणि जन्मभर हुबळीतच राहिल्या. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडला राहिले. मंजी खाँसाहेब आणि बुर्जी खाँसाहेब यांच्याकडून मिळालेली जयपूर घराण्याची अवघड विद्या त्यांनी अनेक वर्षे मोठ्या गाजावाजाशिवाय सांभाळली. पद्मश्री मिळाली १९७० साली, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर. त्याआधीच्या दशकांत ते कमी गवई होते असे कोणी म्हणणार नाही. मिळालेल्या सन्मानावरून आयुष्य मोजले, तर त्यांच्या आयुष्याचा मोठा आणि खरा भाग हिशेबातून सुटतो.

आमच्याकडच्या श्रीकृष्ण पारिजात या लोकनाट्याबद्दलही सांगतो, कारण मराठी वाचकांना ते फारसे माहीत नसते. गोकाक भागातल्या कुलगोडच्या तम्मण्णांनी एकोणिसाव्या शतकात ते रंगमंचावर आणले आणि पुढे कौजलगी निंगम्मांनी ते गावोगाव गाजवले. पेटी-तबल्याच्या साथीने रात्रभर चालणारा हा खेळ करणारी माणसे दिवसा शेतात राबतात. सत्यभामेची भूमिका करणाऱ्या कलावंताला पहाटेपर्यंत एकाच पट्टीत गाताना मी ऐकले आहे. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचत होते. असा आवाज शिकवणीच्या वर्गात तयार होत नाही. तो मोकळ्या पटांगणात, वर्षानुवर्षे लोकांसमोर गाऊन तयार होतो. या कलावंतांनी गाव सोडले असते तर कलाच उरली नसती, कारण ती त्या गावांशिवाय कुठे होतच नाही.

टाळकरी (येळ्ळूर)

शास्त्रीय संगीताच्या या चर्चेत भजनाबद्दल लिहावे की नाही, असा विचार करत होतो. पण वरचा प्रतिसाद वाचून धीर आला.

आमच्याकडे पारायण सोहळा असला की रात्री हरिजागर असतो. पखवाजाच्या धुमेला (डाव्या तोंडाला) कणीक लावून ती स्वरात बसवणारा माणूस आमच्या गल्लीतला गवंडी आहे. कणीक थोडी जास्त झाली की आवाज बसतो, कमी झाली की फाटतो. ती बोटाने काढत-लावत तो शांतपणे जुळवत राहतो आणि तोवर कोणी घाई करत नाही. त्याने कोणतीही परीक्षा दिलेली नाही. मात्र अभंग म्हणताना कोणी लय ओढली तर तो डोळ्यांनीच सांगतो आणि सगळे टाळ सावरतात. भजनात प्रत्येकाने गायचे असते, तिथे श्रोता आणि कलावंत असे दोन गट नसतात. माझ्या वडिलांना स्वरज्ञान होते असे कोणी म्हटले नसते, पण सुरात न बसणारी चाल त्यांना सहन होत नसे. बाई ज्याला उघडलेले कान म्हणतात ते आमच्याकडे भजनाने उघडतात.

एक काळजी मात्र आहे. भजन स्पर्धा सुरू झाल्यापासून काही मंडळे बाहेरून गायक आणि पखवाजी आणून बक्षीस मिळवतात. बक्षीस गावाला मिळते आणि गावातली मुले मागे बसून टाळ्या वाजवतात. स्पर्धेचे नियम करणाऱ्यांनी यावर विचार करावा.

अनगोळचा, सध्या पुण्यात

मी या धाग्यात थोडा संकोचाने लिहितो आहे, कारण मी गाव सोडले ते गाण्यासाठी नव्हे, नोकरीसाठी. बेळगावात असताना गाण्याच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या. पुण्यात चांगले गाणे ऐकायला भरपूर मिळते आणि डिसेंबरात तर कुठे जावे हा प्रश्न पडतो. असे असूनही माझे स्वतःचे गाणे इथे जवळजवळ थांबले आहे. ऐकणे वाढले आणि गाणे कमी झाले, हे विचित्र वाटते पण खरे आहे. मोठ्या कलाकारांचे सतत ऐकल्यावर आपण तोंड उघडण्यात अर्थ काय, असे वाटू लागते. मलप्रभाकाठ सर ज्याला टोचणी म्हणतात तिचा माझ्यावर असा उलटा परिणाम झाला. बेळगावात मी चुकत-माकत का होईना, दर गुरुवारी मठात गात होतो.

भाड्याच्या खोलीत पहाटे मोठ्याने गाता येत नाही, कामाचे तास लांब आहेत. बाई, अशा माणसाने रियाज पुन्हा कुठून सुरू करावा? परीक्षा पुढे द्याव्यात का, हेही सांगावे.

मंद्रषड्ज (शहापूर, बेळगाव)

सर्वांचे प्रतिसाद सावकाश वाचले.

मलप्रभाकाठ सर, आपला आक्षेप मला मान्य आहे आणि तो महत्त्वाचा आहे. गाव सोडणे द्रोह नाही. कुमारजी गेले म्हणून आपण सर्वजण श्रीमंत झालो. सहज मिळणाऱ्या कौतुकाबद्दल आपण लिहिले ते तर मी रोज पाहते. माझा उपाय असा, की वर्षातून काही वेळा मुलांना मिरजेला उरसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफली ऐकायला नेते, धारवाडला नेते आणि परतल्यावर ऐकलेल्या रागाबद्दल त्यांना बोलायला लावते. मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी ही गावे एकमेकांना रेल्वेने जोडलेली आहेत आणि आपल्या भागातल्या गवयांनी त्या गाड्यांनी विद्या इकडून तिकडे नेली. गावात राहणे म्हणजे गावाबाहेरचे न ऐकणे, असा अर्थ मी कधीच केला नाही. टोचणी हवीच, ती शिक्षकाने शोधून आणावी लागते.

ठेका यांचे मानधनाबद्दलचे म्हणणे शब्दशः खरे आहे. ज्या कार्यक्रमांत माझा शब्द चालतो तिथे मी साथीदाराची रक्कम आधी ठरवून घेते आणि गायकाच्या पाकिटाबरोबरच त्यांचे पाकीट द्यायला लावते. गाणाऱ्यांनीच हा आग्रह धरला तर आयोजक ऐकतात. टाळकरी यांची काळजीही रास्त आहे. मंडळात निम्म्याहून अधिक गावचेच कलाकार असावेत, अशी अट आयोजकांना सुचवून पाहावी.

पारिजाताबद्दल वाचून मला फार आनंद झाला. आमच्या शिकवणीत आवाज जपायला शिकवले जाते, फेकायला शिकवले जात नाही. माझ्या विद्यार्थ्यांना रात्रभराचा एक खेळ दाखवण्याची माझी इच्छा आहे. पुढचा खेळ कुठे आहे हे आपण इथे कळवलेत तर आम्ही येऊ.

आता पुण्यातल्या प्रश्नाबद्दल. परीक्षा तूर्त बाजूला ठेवाव्यात. मध्यमानंतरच्या विशारद परीक्षेचा अभ्यासक्रम इतके राग समोर ठेवतो की तुटलेला रियाज असलेला माणूस त्यांच्या याद्या पाठ करण्यातच दमतो. पहाटे मोठ्याने गाता येत नाही ही अडचण खरे पाहता फायद्याची आहे, कारण मंद्र (खालच्या) सप्तकाचा रियाज हळू आवाजातच करायचा असतो. तंबोरा नसेल तर मोबाइलवरचा चालेल, मात्र इअरफोन लावू नये, कारण मग स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. मोबाइल समोर ठेवून तो बारीक आवाजात लावावा. मध्य षड्जापासून एकेक स्वर खाली उतरत जावे आणि प्रत्येक स्वरावर श्वास संपेपर्यंत, आवाज न वाढवता, थांबावे. मंद्र पंचमाखाली गळा जात नसेल तर ओढू नये. हे रोज अर्धा तास होऊ लागले की एकच राग घ्यावा. यमन येत असेल तर यमनच घ्यावा आणि तो निदान चार-सहा महिने सोडू नये. बंदिशीला हात लावण्याआधी नुसती आलापी करावी. मंद्र निषादावरून रिषभावर येताना षड्ज कसा टाळायचा, मग तो कधी दाखवायचा, एवढ्यावरच पुष्कळ सकाळी जातील आणि त्या जाऊ द्याव्यात. त्या काळात मोठ्या कलाकारांचा यमन मुद्दाम ऐकू नये, इतर राग हवे तेवढे ऐकावेत. स्वतःच्या गळ्यातला यमन थोडा उभा राहिला की मग खुशाल ऐकावा.

दिवाळीत घरी याल तेव्हा वर्गात येऊन मुलांसमोर तो अर्धा तास गावा. ठेका यांना विचारून ठेवते. त्यांना जमले तर विलंबित एकताल, नाहीतर नुसती आलापी.

ठेका (निपाणी)

दिवाळीत पाडव्यानंतर मोकळा आहे. पट्टी आधी कळवावी, म्हणजे त्या हिशेबाने तबला आणता येईल.